व्हालकूरच्या बर्फातून निघालेली गाडी

पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या एखाद्या वाडीवरून आजारी माणसाला खाली आणायचे म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दोन वासे, मध्ये बांधलेली घोंगडी, पाळीपाळीने खांदा देणारे चौघे-सहाजण आणि ओढा फुगलेला असेल तर पाणी उतरण्याची वाट पाहत अलीकडच्या काठावर बसून राहणे. दवाखाना असतो, डॉक्टर असतो, मध्ये रस्ता तेवढा नसतो.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, व्हालकूर नावाच्या लहानशा गावी, 1934 च्या हिवाळ्यात असेच घडले. तिथे पाण्याच्या जागी बर्फ होता. गावातल्या एका गॅरेजवाल्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटदुखीने तळमळू लागला. आतड्याला सूज येऊन विष पोटात पसरले होते, शस्त्रक्रिया हवी होती. रुग्णालय शेरब्रूक या शहरात, सुमारे पन्नास किलोमीटरवर. पण त्या काळी क्वेबेकच्या खेड्यापाड्यांतले रस्ते हिवाळ्यात कुणी साफ करत नसे. पहिला मोठा बर्फ पडला की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंत ऋतूपर्यंत घोड्यांच्या घसरगाड्यांवर भागवायचे, हीच रीत होती. मूल दगावले. त्याचे नाव इव्हाँ. बापाचे नाव जोसेफ-आर्मां बोंबार्दिए.

हा बाप बर्फावर चालणारी गाडी बनवण्याच्या नादी आधीपासूनच लागलेला होता, ही या प्रसंगातली जीवघेणी गोष्ट. 1907 साली जन्मलेल्या या मुलाने पंधराव्या वर्षी, 1922 च्या अखेरीस, फोर्ड गाडीचे जुने इंजिन घसरगाडीवर बसवले, मागे लाकडी पंखा लावला आणि धाकट्या भावाला पुढे बसवून गावातून फेरी मारली. उघडा फिरणारा पंखा पाहून वडिलांनी ते यंत्र तत्काळ मोडायला लावले. (वडिलांचे काही चुकले असे म्हणवत नाही.) 1926 साली त्याने स्वतःचे गॅरेज काढले. उन्हाळ्यात गावच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात काम नसले की बर्फगाडीचे प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला. मूल आजारी पडले तेव्हाही प्रयोग चालूच होते, पण बाहेर काढता येईल अशी गाडी तयार नव्हती.

पुढच्या तीनेक वर्षांत त्याने मुख्य अडचण सोडवली. चाक बर्फात रुतते, कारण सगळा भार हातभर जागेवर येतो. भार पसरायचा तर लांब पट्टा हवा आणि तो पट्टा बर्फ चिकटून न अडता फिरता हवा. बोंबार्दिएने रबर मढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा अशी जोडणी केली. 1937 मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले आणि बी-7 नावाची सात माणसांची बंदिस्त गाडी विक्रीला आली. पुढे दोन स्की, मागे पट्टे. घेणारे कोण, तर डॉक्टर, टपालवाले, धर्मगुरू, रुग्णवाहिका चालवणारे. 1942 मध्ये बारा माणसांची बी-12 आली, कंपनीही त्याच साली रीतसर स्थापन झाली.

यानंतरचे वळण मला फार बोलके वाटते. 1948 मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हिवाळाभर साफ ठेवण्याचा कायदा केला. ज्या रस्त्याच्या अभावी मूल गेले तो रस्ता आता झाला आणि त्या दुःखातून उभ्या राहिलेल्या धंद्याचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले! कंपनीची विक्री धाडकन उतरली. बोंबार्दिए जंगलतोडीसाठी आणि दलदलीसाठी लागणाऱ्या पट्ट्यांच्या ट्रॅक्टरांकडे वळला. पण एका माणसाने एकट्याने चालवायची हलकी बर्फगाडी ही त्याची जुनी इच्छा होती. तेवढे लहान आणि भरवशाचे इंजिनच आजवर मिळाले नव्हते.

ते 1950 नंतरच्या दशकात मिळाले. 1959 मध्ये कंपनीने काढलेली पिवळी लहान गाडी म्हणजे आजच्या स्नोमोबाइलची थेट पूर्वज. आपल्याकडे सैन्यातली मुले तिला 'स्नो स्कूटर' म्हणतात. ज्यांच्या घरचे कुणी सियाचिनला राहून आले आहे त्यांनी हा शब्द ऐकला असेल. पुढे दोन स्की, मागे एकच रुंद रबरी पट्टा, वर स्कूटरसारखी लांबट गादी आणि हँडल. सुरुवातीच्या एक-दोन गाड्यांपैकी एक बोंबार्दिएने उत्तर ऑन्टारिओतल्या आदिवासी वस्तीत काम करणाऱ्या मोरिस उइमे या आपल्या धर्मगुरू मित्राला दिली. कुत्र्यांच्या घसरगाडीला पर्याय म्हणून नाव ठरले होते 'स्की-डॉग'. छपाईत शेवटचे अक्षर चुकले आणि 'स्की-डू' झाले, असे सांगतात. फ्रेंच बोलणाऱ्या गावाने इंग्रजी नाव ठेवावे, तेही चुकीचे छापले जावे आणि मग तेच जगभर व्हावे, याची गंमत दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना कुणी वेगळी सांगायला नको. क्वेबेकमधला माणूस मात्र तिला आजही आपल्या भाषेत 'मोतोनेज'च म्हणतो.

या पहिल्या स्की-डूचे इंजिन अमेरिकेतल्या कोहलर कंपनीचे, सात अश्वशक्तीचे आणि फोर स्ट्रोक होते. ही माहिती स्नोमोबाइलच्या शौकिनांनाही अनेकदा नसते. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास. पण काही वर्षांतच हे इंजिन मागे पडले आणि त्याची जागा ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीच्या टू स्ट्रोक इंजिनांनी घेतली. पुढली चाळीस वर्षे स्नोमोबाइल म्हणजे टू स्ट्रोक, हे समीकरण होऊन बसले.

असे का झाले ते बजाज चेतक वापरलेल्या पिढीला लगेच कळेल. टू स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. टू स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तळाशी ऑइलची टाकी नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. म्हणून ते हलके, स्वस्त आणि तडफदार. बर्फावर वजन हाच शत्रू असतो. शिवाय उणे तीस अंशांत त्या काळचे इंजिन ऑइल गुळाच्या पाकासारखे घट्ट होई आणि दोरी ओढून फोर स्ट्रोक चालू करताना खांदा निखळायची वेळ येई. पण टू स्ट्रोकचा हिशेब धुराड्याशी चुकता होतो. ताजे मिश्रण आत येते तेव्हाच जळका वायू बाहेर जात असतो, आणि त्या गडबडीत पाव हिश्शाहून अधिक पेट्रोल न जळताच, ऑइलसकट, बाहेर पडते. सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या रिक्षेमागचा निळा धूर आठवावा.

1964 मध्ये बोंबार्दिए वारला. त्याने गाडी बनवली होती ती डॉक्टर-धर्मगुरूंसाठी. विकत घेतली ती सुटीच्या दिवशी रानात हुंदडणाऱ्यांनी. 1971 च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या घरात गाड्या खपत होत्या आणि बनवणारे शंभरावर होते. मिनेसोटातल्या पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या कंपन्या तेव्हाच नावारूपाला आल्या, जपानच्या यामाहानेही 1968 मध्ये या धंद्यात पाऊल टाकले. मग तेलाचे संकट आले, एक-दोन हिवाळे कोरडे गेले आणि बहुतेक कारखाने बुडाले.

उत्तर फिनलंडमधल्या सामी लोकांची हकीकतही इथेच सांगायला हवी. रेनडिअर पाळणाऱ्या या लोकांत ही गाडी 1960 नंतर आली. पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर 1973 मध्ये एक पुस्तकच लिहिले. स्कीवरून हळूहळू हाकले जाणारे कळप आता यंत्राच्या आवाजाने बुजून पळू लागले, माणसांना परके झाले. गाडी, पेट्रोल, सुटे भाग यांना रोख पैसा लागतो. ज्यांना तो परवडला ते टिकले, बाकीच्यांचे कळप आटत गेले. कुत्र्याला मासा घातला की चालतो, गाडीला नाही. त्या वस्तीवर रुग्णालय जवळ आले हे खरे, आणि कळप गेला हेही तितकेच खरे.

टू स्ट्रोकला धक्का बसला तो अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात. तिथे स्नोमोबाइल 1963 मध्ये प्रथम शिरली. 1990 नंतरच्या दशकात गर्दीच्या दिवशी हजारावर गाड्या आत जात. थंडीत हवा खाली दबून बसते, धूर हलत नाही. पश्चिमेच्या फाटकावर तिकिटे फाडणाऱ्या कर्मचाऱ्यांची डोकी दुखू लागली. त्यांच्या खोल्यांत बाहेरून शुद्ध हवा सोडावी लागली, पुढे तर तोंडावर लावायचे श्वसनयंत्रही देण्यात आले. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, आणि दारावरचा पहारेकरी मुखवट्यात! 1997 मध्ये प्राणिप्रेमी संस्थेने दावा लावला. 2000 च्या अखेरीस गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला. नवे सरकार येताच तो फिरला. डिसेंबर 2003 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीशाने बंदी पुन्हा आणली आणि दोनच महिन्यांनी वायोमिंगच्या न्यायाधीशाने ती उठवली. त्या हिवाळ्यात फाटकाबाहेरच्या गावातल्या हॉटेलवाल्यांचे आणि गाड्या भाड्याने देणाऱ्यांचे काय झाले असेल! अखेर 2004-05 पासून तडजोड ठरली: दिवसाला जास्तीत जास्त 720 गाड्या, सोबत वाटाड्या आणि गाडी धूर व आवाज यांच्या कडक कसोटीला उतरलेलीच. या कसोटीत तेव्हा पास होणाऱ्या गाड्या जवळजवळ सगळ्या फोर स्ट्रोक होत्या.

कारखान्यांना वाऱ्याची दिशा आधीच कळली होती. 2000 पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वच्छ स्नोमोबाइलची स्पर्धा सुरू झाली, त्यात काही मुलांनी फोर स्ट्रोक इंजिने बसवून दाखवली. आर्क्टिक कॅटने सुझुकीचे तीन सिलिंडरचे 660 सीसी इंजिन घेतले. आपल्या मारुती 800 मध्येही सुझुकीचे तीन सिलिंडरचेच इंजिन होते, तेव्हा घराणे ओळखीचे! पण खरी खळबळ यामाहाच्या 2003 च्या आरएक्स-1 ने केली. आपल्या आर-1 मोटारसायकलवरून बेतलेले चार सिलिंडरचे 998 सीसी इंजिन त्यांनी बर्फावर आणले. फोर स्ट्रोक म्हणजे सुस्त बैल, हा समज त्या दिवशी मोडला. अमेरिकी सरकारनेही 2002 मध्ये स्नोमोबाइलच्या धुरासाठी पहिले देशव्यापी नियम केले होते, ते 2006 च्या गाड्यांपासून लागू झाले.

फोर स्ट्रोक परत आले तशी मालकाची सवयही बदलली. पेट्रोलमध्ये ऑइल ओतणे संपले, पण ऑइल बदलणे आले. अनेक मॉडेलांत ऑइल वेगळ्या टाकीत असते, त्यामुळे पातळी इंजिन गरम करूनच पाहायची. थंडपणी पाहून कमी आहे असे वाटले आणि भर घातली, तर जादा ऑइल थेट हवेच्या डब्यात चढते. बऱ्याच हजार किलोमीटरनंतर टॅपेटही तपासावे लागते. अंगठ्याने दाबायची रेस सोडली की गाडी इंजिननेच हळू होते. टू स्ट्रोकवर हात बसलेला माणूस इथे प्रथम दचकतो, मग उतारावर त्याला तेच बरे वाटते. वजन मात्र पुढच्या अंगाला जास्त. रोलर फिरवून चोपलेल्या वाटेवर ते जाणवत नाही. वाट सोडून भुसभुशीत बर्फात नाक खुपसले की दोघांना फावडे घेऊन घाम गाळावा लागतो. डोंगरात हिंडणारे म्हणूनच आजही सुधारलेले टू स्ट्रोक पसंत करतात.

बाकीची निगा दोन्हींची सारखीच, आणि तिच्यात बर्फाचा वाटा आहे. गाडीच्या पोटाखाली पाणी थंड करणाऱ्या नळ्या असतात, पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांवर आदळतो आणि इंजिन थंड राहते. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना वंगणही बर्फाचेच. वाट गुळगुळीत गोठलेली असली, भुगा उडत नसला, की बाहेर उणे वीस असताना इंजिन तापते आणि प्लास्टिक वितळते. त्यावर उपाय म्हणून मागे स्प्रिंगच्या काड्या लावतात, त्या बर्फ खरवडून वर उडवतात. पट्ट्याचा ताण, स्कीखालच्या कठीण धातूच्या सळ्या, साखळीच्या पेटीतले ऑइल, सांध्यांचे ग्रीस हे सगळे हंगामाआधी पाहायचे. क्लचचा रबरी बेल्ट एक जादा जवळ ठेवायचाच, कारण तो तुटला की रानात गाडी म्हणजे नुसते ओझे. गोठलेल्या तळ्यावर रात्री जायचे नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी जातो आणि बर्फ फुटून बुडतो.

2013 मध्ये यलोस्टोनचा नियम पक्का झाला. आता सुट्या गाड्या मोजत नाहीत, गट मोजतात; दिवसाला स्नोमोबाइलचे जास्तीत जास्त 50 गट. यामाहाने 2023 मध्ये या धंद्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले, 2025 चे मॉडेल उत्तर अमेरिकेतले शेवटचे. ज्यांनी फोर स्ट्रोकला मान मिळवून दिला तेच निघाले.

क्वेबेकमध्ये आज स्नोमोबाइलसाठी राखलेल्या वाटा 30 हजार किलोमीटरहून अधिक आहेत. त्यांचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून, त्यांच्या परवानगीने जातो. व्हालकूर ते शेरब्रूक हा रस्ता हिवाळाभर उघडा असतो. बोंबार्दिएचे 1926 चे गॅरेज गावातल्या संग्रहालयाने जपून ठेवले आहे.