मैदानाविना पी.टी.चा तास

आपल्या वेळी पी.टी.चा तास म्हणजे मैदान, शिट्टी आणि सरांचे खणखणीत ‘सावधान-विश्राम’. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे हाच तास मोबाइलवर आला, तेव्हा आपल्यापैकी पालक झालेल्या अनेकांना हसू आले असेल. पण दुरून व्यायाम शिकवण्याची परंपरा तशी जुनी आहे.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार पुस्तकांतूनही केला. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले आणि औंध कधी न पाहिलेल्या वाचकांनाही घरच्या घरी नमस्कार घालता येऊ लागले. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. जपानमध्ये १९२८ साली रेडिओवरून कवायत सुरू झाली. पुस्तकाने कृती दिली, रेडिओने ठेका दिला. पण शिकणाऱ्याचा गुडघा कुठे चुकतो, हे दोघांनाही दिसत नव्हते.

व्हिडिओ वर्गात ते दिसू लागले, पण अडचणीही नव्या आल्या. आवाज मागेपुढे पोहोचायचा, म्हणून सगळ्यांनी एका तालात आकडे मोजणे जमेना. ज्याने त्याने आपले मोजायचे. समोर तोंड करून शिकवताना शिक्षकाला डावा हात वर करून ‘उजवा’ म्हणावे लागे. बैठका समोरून नीट कळत नाहीत, त्या बाजूने दाखवाव्या लागत. खो-खो आणि मल्लखांब तर बादच. उरले जागेवर धावणे, ताण देण्याचे व्यायाम, आसने आणि नमस्कार. तेही खालच्या मजल्यावर आवाज जाणार नाही अशा बेताने.

जिथे नेट पुरत नव्हते किंवा घरात फोन एकच होता, तिथे साध्या लेखी सूचना कामी आल्या: सुरुवातीची स्थिती, क्रमाने कृती, श्वास केव्हा घ्यायचा, किती वेळा करायचे आणि दुखले तर थांबायचे. मैदानावर सर जे हाताने एका क्षणात नीट करत, ते शब्दांत नेमके मांडावे लागले. आपला विषय ‘नुसता खेळण्याचा’ नाही, हे त्या चार ओळींतूनही पटते.

मात्र एक धोका ओळखायला हवा. वाढत्या शहरांत मैदाने आक्रसत आहेत, आणि ‘व्हिडिओ आहे की’ ही पळवाट सोपी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेला मैदान हवे असे सांगतो. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत करावी, असे सुचवते. व्हिडिओ पावसाळ्याच्या दिवशी, सुट्टीत उपयोगी पडेल. पण हरल्यावर हात मिळवणे, पडलेल्या गड्याला उठवणे आणि आपल्या पाळीची वाट पाहणे यांना गडी लागतात.

मित्रमैत्रिणींनो, शाळेला काही देण्याचा विचार निघेल तेव्हा संगणकाबरोबर मैदानाचेही नाव यादीत घालूया. आपल्या पी.टी.च्या सरांना आणि बाईंना तीच खरी गुरुदक्षिणा ठरेल.