सही नाही, नाव नाही, तरी १ लाख ८० हजार पौंड! लेखकांनी मित्रांना भेट दिलेली पुस्तकं एवढी महाग का असतात?

जुनी पुस्तकं रद्दीत घालण्याआधी तुम्ही त्यांची पहिली पानं उलटून बघता का? बघत नसाल, तर ही गोष्ट वाचाच.

२००८ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्स या लिलाव कंपनीने जेन ऑस्टिनच्या 'एमा' या कादंबरीची एक प्रत विकली. किंमत आली १ लाख ८० हजार पौंड. गंमत म्हणजे या प्रतीवर ऑस्टिनची सही नाही. तिची पुस्तकं निनावी छापली जायची, त्यामुळे तिचं नावही कुठे नाही. आत हाताने 'लेखिकेकडून' एवढंच लिहिलंय आणि ते अक्षरसुद्धा तिचं नाही. ते प्रकाशकाच्या कारकुनाचं आहे.

मग एवढे पैसे कशाचे?

किंमत नात्याची

ही प्रत ॲन शार्प हिला भेट दिलेली होती. ॲन ही ऑस्टिनच्या भावाच्या घरी मुलांना शिकवायला होती. तिथे जमलेली मैत्री शेवटपर्यंत टिकली. १८१७ मध्ये ऑस्टिन गेली, तेव्हा बहिणीने तिच्या केसांची एक बट आठवण म्हणून ॲनला पाठवली होती.

डिसेंबर १८१५ मध्ये 'एमा' आली, तेव्हा भेट देण्यासाठी १२ प्रती होत्या. त्यातल्या बहुतेक घरच्यांना गेल्या, काही मानाच्या लोकांना. निव्वळ मैत्रीण म्हणून प्रत मिळाली ती ॲन शार्पला. लिलावात बोली लागली ती या नात्यावर.

कोणत्या प्रतीला काय म्हणतात?

जुन्या पुस्तकांच्या बाजारात या प्रतींना वेगवेगळी नावं आहेत.

• साइन्ड कॉपी: फक्त लेखकाची सही.

• इन्स्क्राइब्ड कॉपी: वाचकाने पुस्तक पुढे केलं, लेखकाने त्याचं नाव घालून दोन शब्द लिहिले. प्रकाशन समारंभात रांगेत उभं राहून आपण घेतो ती.

• प्रेझेंटेशन कॉपी: लेखकाने स्वतःहून भेट दिलेली.

• असोसिएशन कॉपी: लेखकाशी किंवा पुस्तकाच्या विषयाशी ज्याचं खास नातं आहे, अशा माणसाकडे असलेली प्रत.

• डेडिकेशन कॉपी: पुस्तक ज्याला अर्पण केलंय, त्यालाच दिलेली प्रत. अशी प्रत सहसा एकच असते, म्हणून संग्राहक हिच्या मागे सगळ्यात जास्त असतात.

मित्राला दिलेली प्रत ही बहुतेक वेळा प्रेझेंटेशनही असते आणि असोसिएशनही.

दोन शब्दांत इतिहास

कधी कधी अशा ओळीतून साहित्याचा इतिहास कळतो. कवी टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' या १९२२ सालच्या कवितेचा कच्चा खर्डा बराच मोठा होता. मित्र एझ्रा पाउंड यांनी त्यावर सपासप कात्री चालवली. पुस्तक छापून आल्यावर एलियटनी पाउंडना दिलेल्या प्रतीवर हाताने लिहिलं की पाउंड हे आपल्यापेक्षा सरस कारागीर आहेत. त्यासाठी त्यांनी दांतेच्या काव्यातले इटालियन शब्द वापरले. १९२५ मध्ये एलियटच्या संग्रहात हीच अर्पणपत्रिका छापली गेली. आज जगभर छापली जाणारी ही ओळ आधी एका मित्रापुरतीच होती.

आणि मित्रानेच पुस्तक विकलं तर?

या छंदाची ही दुखरी बाजू. लेखक पॉल थेरॉ आणि व्ही. एस. नायपॉल यांची ओळख १९६६ मध्ये युगांडात झाली. पुढे तीसेक वर्षं घट्ट मैत्री. मग एक दिवस थेरॉ यांना जुन्या पुस्तकांच्या एका कॅटलॉगमध्ये स्वतःचंच पुस्तक विक्रीला दिसलं. त्यांनी नायपॉल पती-पत्नीला स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं! किंमत १,५०० डॉलर.

मैत्री तुटली. १९९८ मध्ये थेरॉ यांनी या मैत्रीवर 'सर विडियाज शॅडो' हे बोचरं पुस्तक लिहिलं. दोघांनी पुन्हा हात मिळवला तो थेट २०११ मध्ये, वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावच्या साहित्य महोत्सवात. हे तेच जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव, ज्यावरून आपल्या सातारा जिल्ह्यातल्या भिलारला 'पुस्तकांचं गाव' करण्याची कल्पना आली.

ज्या ओळीमुळे पुस्तकाची किंमत वाढली, तीच ओळ विकली गेली म्हणून थेरॉ दुखावले. संग्राहकाच्या हाती येणाऱ्या अशा प्रत्येक पुस्तकामागे कुणाचा तरी मृत्यू, अडचण किंवा दुरावा असू शकतो.

खरं-खोटं कसं ओळखतात?

खोटी सही करणं सोपं असतं, खोटं नातं उभं करणं अवघड. म्हणून जाणकार आधी अक्षर लेखकाच्या पत्रांशी ताडून बघतात. मग तारीख: प्रकाशनाच्या जवळची आहे का? त्या दोघांची मैत्री पत्रांतून, आठवणींतून सिद्ध होते का? पुस्तक मित्राच्या घरातून बाजारात कोणाकोणाच्या हातून आलं? ही साखळी जितकी सलग, तितका भरवसा जास्त.

आपल्या घरात काय बघायचं?

मराठीत ही ओळ आपल्या ओळखीची आहे: 'सप्रेम भेट', खाली सही आणि तारीख. आजोबा शिक्षक असतील, नाटकात काम करत असतील, एखाद्या लेखकाचे शेजारी असतील, तर अशी पुस्तकं कपाटात असू शकतात. प्रत्येक पुस्तकाचे लाखो मिळणार नाहीत. बऱ्याच पुस्तकांचे काहीच मिळणार नाहीत. पण चार गोष्टी पाळा:

१. नाव लिहिलेलं पान फाडू नका. पुस्तक विकताना संकोचापोटी अनेक जण नेमकं हेच करतात.

२. लॅमिनेशन, सेलोटेप, खाडाखोड टाळा.

३. आत सापडलेलं पत्र, पाकीट किंवा फोटो त्याच पुस्तकासोबत ठेवा. नात्याचा पुरावा तोच असतो.

४. तो लेखक कोण, आजोबांशी ओळख कशी झाली, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारा आणि वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

यातलं चौथं काम सगळ्यात घाईचं आहे. पुस्तक आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण ती ओळख सांगणारं माणूस तेव्हा नसेल.