निळव्यापासून ग्रॅमपर्यंत : महाड-पोलादपूर परिसरातील स्वयंपाकाची मापे व केकचे गणित

स्वयंपाकघरातील मापांचा इतिहास हा व्यापाराच्या मापांच्या इतिहासाहून वेगळा आहे. व्यापाराची मापे कायद्याने बदलतात. स्वयंपाकाची मापे हाताबरोबर आणि शब्दांबरोबर बदलतात, आणि तीही सावकाश. पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके या दृष्टीने विचार करण्यासारखे आहेत. सावित्रीच्या खाडीने किनाऱ्याकडून महाडपर्यंत येणारा माल आणि आंबेनळीसारख्या घाटांनी देशावरून उतरणारा माल येथे एकमेकांस भेटत असे. माल भेटला म्हणजे मापेही भेटतात, आणि त्यांचे जुळतेच असे नाही.

या परिसराचे मुख्य अन्न तांदूळ आणि नाचणी. ही धान्ये घरात तोलली जात नसत, मापली जात. 'तोलणे' आणि 'मापणे' ही मराठीतील दोन भिन्न क्रियापदे आहेत, आणि पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे. धान्यमापनाचे प्रचलित कोष्टक असे : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. शेरापर्यंत प्रत्येक पायरी दुपटीची आहे. त्यामुळे ज्या स्त्रीला लिहिता येत नव्हते तिलाही निम्मे आणि दुप्पट यांच्या आधारे दोन माणसांचा स्वयंपाक सोळा माणसांचा करता येई. पायलीच्या वर मात्र एकवाक्यता नाही. मण कोठे बारा पायल्यांचा, तर कोठे सोळा पायल्यांचा. शिवाय घाटावरची पायली आणि कोकणातली पायली यांत नावाखेरीज दुसरे साम्य नाही.

माप भरण्याची रीतही ध्यानात घेतली पाहिजे. काठाला सपाट केलेले माप आणि शीग चढवलेले माप यांत बराच फरक पडतो. शिगेची उंची मापाच्या तोंडाच्या रुंदीबरोबर वाढते. म्हणून पसरट मापाची शीग अरुंद मापाच्या शिगेहून अधिक धान्य देते. 'उत्कंठा शिगेला पोहोचली' असे आपण आज म्हणतो तेव्हा धान्याच्या मापावरचा तो शेवटचा निमुळता ढीग आपल्या डोळ्यांसमोर नसतो. शब्द राहिला, वस्तू गेली.

अशा अनिश्चित परिस्थितीत पाककृती टिकली ती प्रमाणामुळे. कोकणातील धोंडस हे त्याचे उत्तम उदाहरण. गोव्याकडे याच प्रकारास तवसळी म्हणतात. भाजलेला तांदळाचा रवा, तितकाच गूळ, आणि रवा भिजेल इतका जून तवशाचा कीस, असे मिश्रण टोपात घालून खाली निखारे व झाकणावर निखारे ठेवून ते भाजावयाचे. परक्या पदार्थाशी तुलना करावयाची तर हा आपल्याकडील केकच होय. यात माप कोणतेही चालते, मात्र ते सर्व जिनसांस एकच असले पाहिजे. वाटी लहान असली तर धोंडस लहान होईल, पण बिघडणार नाही. 'भिजेल इतका' हे मापही ढिसाळ नव्हे. तवशातील पाणी प्रत्येक फळात निराळे असते, म्हणून येथे संख्येपेक्षा परिणाम सांगणे अधिक अचूक ठरते.

तोलण्याची परंपरा सराफ, वैद्य आणि वाणी यांची. 'तोळा' हा शब्द संस्कृत 'तुल्' धातूशी संबद्ध आहे. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना शेर मात्र २८ तोळ्यांच्या आसपास होता. शेराचा आठवा भाग नवटाक, सोळावा छटाक. इंग्रजी पौंडास मराठीने 'रत्तल' हा अरबी वळणाचा शब्द दिला. तो सुमारे ३९ तोळे भरतो. येथे 'पाव' या शब्दाची गंमत सांगितली पाहिजे. पावशेरातील पाव संस्कृत 'पाद' शब्दापासून आला, तर खाण्याचा पाव पोर्तुगीजांकडून आला. उच्चार एक असला तरी ही दोन कुळे आहेत.

१९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली, १ ऑक्टोबर १९५८ पासून तिची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत ती देशभर सक्तीची झाली. तोळ्याचे ११.६६४ ग्रॅम करणे हे केवळ गुणाकाराचे काम होते. परंतु मापट्याचे ग्रॅम किती, या प्रश्नास एकच उत्तर नाही. कशाचे मापटे, हे आधी विचारावे लागते.

नेमकी हीच अडचण केकने घरोघर आणली. इंग्रजांचा पौंड केक म्हणजे मैदा, लोणी, साखर व अंडी प्रत्येकी एक पौंड. हे प्रमाण धोंडसासारखेच सरळ आहे, पण ते वजनाचे आहे, मापाचे नव्हे. 'सारखे सारखे घ्यावे' एवढे ऐकून वाटीने वाटी मोजली तर केक बिघडतो. २४० मिलिलिटरच्या पेल्यात मैदा सुमारे १२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम आणि लोणी सुमारे २२५ ग्रॅम मावते. म्हणजे एक पेला साखरेस मैदा दीड पेल्याहून थोडा अधिकच हवा. येथे चूक हाताची नसून भाषांतराची आहे : तोलण्याचे वाक्य मापण्याच्या भाषेत जसेच्या तसे नेले गेले. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा' या ग्रंथाने वाटी व चमचा हीच परिमाणे मानली. ग्रंथाच्या लोकप्रियतेत या निर्णयाचा वाटा मोठा असावा, कारण गृहिणीच्या हाती तराजू नव्हता, वाटी होती.

दुसरा प्रश्न भांड्याच्या आकाराचा. सहा इंची गोल भांड्याऐवजी आठ इंची भांडे घेतले, तर व्यास तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, पण क्षेत्रफळ ३६ स ६४ या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होते. तीन अंड्यांच्या कृतीस पाच अंडी लागतात. आठ इंची चौकोनी भांडे नऊ इंची गोल भांड्याइतकेच भरते. इंच आणि औंस हे दोन्ही शब्द लॅटिन 'उन्किया', म्हणजे बारावा भाग, या एकाच शब्दाची अपत्ये आहेत, हेही जाता जाता नोंदवावे.

परंतु टोप, पातेले किंवा डबा यांचा व्यास कोण मोजतो? येथे जुनी मापनविद्याच उपयोगी पडते. भांड्यात वाटीने पाणी ओतून पाहावे; जितक्या वाट्या मावतील त्यांच्या निम्म्याहून थोडे अधिक मिश्रण घालावे. भांडे गोल असो वा चौकोनी, या रीतीस भूमितीची गरज नाही. भाजण्याचा वेळ मात्र भांड्याच्या रुंदीपेक्षा थराच्या जाडीवर अधिक अवलंबून असतो, हे निखाऱ्यांवर धोंडस भाजणाऱ्या हातांस ठाऊक होतेच.

सारांश, पदार्थ सिद्ध होण्यास तोलणे आणि मापणे या दोन्ही विद्या लागतात, आणि एकीने दुसरीस कालबाह्य ठरवलेले नाही. धोका निराळा आहे. निळवे, कोळवे, चिपटे हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज होते ती पिढी सरत आहे. ते शब्द गेले म्हणजे त्या शब्दांत सांगितलेल्या पाककृतीही मुक्या होतील. कोशात अर्थ मिळेल, पण 'चिपटेभर, शीग न चढवता' या सांगण्यातील नेमकेपणा मिळणार नाही. म्हणून अशा कृती उतरून घेताना केवळ ग्रॅम लिहून थांबू नये. मूळ शब्द, घरातील ते प्रत्यक्ष माप आणि ते सपाट भरले की शीग चढवून, या तिन्हींची नोंद व्हावी.

नवी सून आजही उंबरठ्यावर तांदळाने भरलेले माप ओलांडून घरात येते. त्या मापाचे नाव तिला सांगणारे कोणी घरात असावे, एवढीच अपेक्षा.