दारावरची पत्रपेटी



भिंगारमध्ये राहून पत्रांवर लिहायचे तर आधी शेजारच्या किल्ल्याकडे पाहावे लागते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतले नेते तिथे आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मौलानांच्या पत्रांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. पहाटे उठून, स्वतः चहा करून, ते आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ती टपालात कधी पडलीच नाहीत. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने त्यांचे पुस्तक निघाले. त्यात चहावर पत्र आहे, खोलीतल्या चिमण्यांवर आहे, आणि एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला पत्नी जुलेखा बेगम वारल्या, त्यावरही आहे. त्या आजारी असताना सुटकेसाठी मौलानांनी सरकारपुढे हात पसरला नाही.

रस्त्यावरच्या पेटीची कथा वेगळी. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. त्याच्या सूचनेवरून १८५२ मध्ये जर्सी बेटावर पहिल्या खांबपेट्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे १८५४ मध्ये देशभर एकच दराची तिकिटे आली आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड. घराच्या दारावरच्या पेटीची कथा आणखी निराळी. दार उघडेपर्यंत पोस्टमन ताटकळत राही, म्हणून अमेरिकेत १९२३ पासून टपाल हवे तर दाराला पेटी किंवा फट हवीच, असा नियम झाला. आपल्याकडची आठवण निराळी. ‘पोस्टमन!’ अशी हाक आली की आम्ही ओले हात पदराला पुसत धावायचो.

पर्युषणानंतर तर ही हाक दिवसातून दोनदा यायची. क्षमापनेची कार्डे! सासूबाई ती दोऱ्यात ओवून ठेवत. आता ‘मिच्छामि दुक्कडम्’ मोबाईलवर येते, एकाच वेळी दोनशे जणांना. मला ते पटत नाही, पण असो.

आमची फाटकावरची पत्र्याची पेटी उन्हा-पावसाने गंजली तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, टाकून दे, कोण पत्र लिहितं आता?” पण मी कॉमर्सची. कंपनीच्या लाभांशाचे पत्र त्याच पेटीत भिजून लगदा झाले होते. सात वर्षे न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो, आणि तो परत मिळवायचा म्हणजे कागदांची ही भली मोठी चळत. पेटी ठेवायची ठरली.

काम अवघड नाही. हातात कधी ब्रश धरला नसेल तरी जमते. पहिल्यांदा आत डोकवा. कोपऱ्यात कुंभारीण माशीचे मातीचे घर असले तर थांबा, ती पिल्ले बाहेर पडू द्या. आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. मग पेटी खाली उतरवा. गंज नेहमी तळाला जास्त, कारण पाणी तिथे साचते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून काचपेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा आणि नातवंडांना लांब ठेवा. पुसून, उन्हात खडखडीत वाळवून, बारीक भोके एम-सीलने बुजवा. तळ चाळणी झाला असेल तर मात्र पत्रेवाल्याकडून नवा तुकडा बसवून घ्यावा. नंतर रेड ऑक्साइडचा एक हात, तो वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. बिजागरीला तेलाचे दोन थेंब.

दोन गोष्टी मी जास्तीच्या करून घेतल्या. तळाला पाणी निघायला दोन बारीक छिद्रे, आणि फटीवर पुढे झुकलेली पत्र्याची पट्टी. तिरका पाऊस त्या फटीतूनच आत शिरत होता.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामावले, तेव्हा लाल पेट्याही बंद होणार अशी आवई उठली होती. टपाल खात्याने ती खोटी ठरवली. यंदा संवत्सरीनंतर मी पंचवीस पोस्टकार्डे टाकणार आहे, पन्नास पैशांना एक. साडेबारा रुपये.