पाळीव कासवाची टाकी

पाळीव कासवाची टाकी म्हणजे घरात पाळलेल्या पाणकासवाला पोहण्यापुरते पाणी, चढून बसण्यासाठी कोरडी जागा, ऊब आणि योग्य प्रकाश एकाच ठिकाणी मिळेल अशा रीतीने मांडलेले मोठे पात्र होय. बाह्यतः ती मत्स्यालयासारखी दिसते. परंतु कासव हा फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि दिवसाचा बराच वेळ पाण्याबाहेर ऊन खात बसणारा सरपटणारा प्राणी असल्यामुळे माशांसाठी केलेली मांडणी त्याला पुरत नाही. भारतात शोभेच्या माशांच्या दुकानांतून विकले जाणारे पाणकासव बहुधा रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजेच ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स, या उपजातीचे असते. पुढील माहिती मुख्यतः त्यालाच लागू आहे.

जातीची ओळख

अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व त्याच्या लगतचा प्रदेश हे या कासवाचे मूळ स्थान. डोळ्यांमागील लाल पट्ट्यावरून ते सहज ओळखता येते. दुकानातील पिल्लू तीन-चार सेंटिमीटरचे, तळहातावर मावणारे असते. हीच मादी पूर्ण वाढल्यावर तिचे कवच २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते. नर काहीसा लहान राहतो. चांगली निगा राखल्यास हे कासव वीस-तीस वर्षे सहज जगते. पिल्लू नर की मादी हे पहिली काही वर्षे बाहेरून कळत नाही. त्यामुळे टाकी निवडताना ती मादीच आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

टाकीचे आकारमान

पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला आडाखा असा, की कवचाच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीमागे सुमारे १५ लिटर पाणी असावे. या हिशेबाने २५ सेंटिमीटरच्या कासवाला ३७५ लिटर पाणी लागते. १५० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व ६० उंच टाकीत ४२ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरल्यास ते ३७८ लिटर होते आणि वरची १८ सेंटिमीटर भिंत मोकळी राहते. कासव चढण्यात तरबेज असल्याने ही मोकळी भिंत आवश्यक असते. बैठक उंच असल्यास वर जाळीचे झाकणही लागते. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या किमान दीडपट असावी, म्हणजे उलटे झालेले कासव पाण्यातच वळून सरळ होऊ शकते. उथळ पाण्यात ते उताणे अडकून पडते.

एवढ्या पाण्याचेच वजन पावणेचारशे किलोच्या आसपास भरते. म्हणून टाकी टीपॉयवर किंवा भिंतीतील फळीवर न ठेवता लोखंडी चौकटीवर, सपाट जमिनीवर ठेवावी लागते. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर मोठी टाकी ठेवण्यापूर्वी जाणकाराला विचारणे बरे.

‘कासव टाकीच्या मापाइतकेच वाढते’ हा समज सर्वत्र आढळतो. विक्रेतेही तो आवर्जून सांगतात. परंतु तो खोटा आहे. लहान भांड्यात कासवाची वाढ खुंटलेली दिसते ती अपुऱ्या आहारामुळे, प्रकाशाअभावी आणि घाण पाण्यामुळे. तो आजार असतो. प्लॅस्टिकचे नारळाचे झाड लावलेली जी बशी पिल्लाबरोबर विकली जाते, तिच्यात कासव फार काळ जगत नाही. आणि जे जगते, ते दोन-तीन वर्षांत घरात मावेनासे होऊन गावच्या तळ्यात सोडले जाते.

कोरडी बैठक आणि प्रकाश

कासवाला पूर्णपणे पाण्याबाहेर येऊन अंग सुकवता येईल अशी बैठक हा टाकीचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. तिच्यावर चढण्यासाठी खरखरीत उतार हवा आणि कासवाच्या वजनाने ती बुडता कामा नये. बैठकीवरील तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअस राहील अशा अंतरावर उष्णता देणारा दिवा लावतात.

त्याच्या जोडीला यूव्हीबी किरण देणारा दिवा लागतो. या किरणांच्या साहाय्याने कासवाच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. कमतरता राहिल्यास कवच मऊ व वेडेवाकडे होते, पाय दुबळे पडतात. साधी काच हे किरण अडवते. त्यामुळे खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. उलट काचेची टाकी थेट उन्हात ठेवल्यास पाणी धोकादायकरीत्या तापते. यूव्हीबी दिवा उजळ दिसत असला तरी त्यातील हे किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून तो उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्षभरात, बदलावा लागतो. दिवे दिवसा १० ते १२ तास चालू आणि रात्री बंद ठेवतात.

पाणी, फिल्टर व ऊब

कासव पाण्यातच अन्न गिळते आणि तेथेच विष्ठा टाकते. माशांच्या मानाने घाण कितीतरी अधिक होत असल्याने टाकीच्या मापाच्या दुप्पट क्षमतेचा फिल्टर घेण्याची प्रथा आहे. विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे फिल्टरमधील जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे जातात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे ते मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळखळावा. आठवड्यातून एकदा चतुर्थांश पाणी बदलतात. खाणे वेगळ्या टबात दिल्यास पाणी बरेच स्वच्छ राहते.

पाणी २४ ते २८ अंशांवर असावे. कोकणात हिवाळ्यातही हीटरची गरज क्वचित पडते. नाशिक-पुण्याच्या थंडीत मात्र तो लागतो. काचेचा हीटर कासव धडक मारून फोडते, म्हणून त्याला जाळीचे आवरण घालतात. तळाशी बारीक खडी पसरू नये, कारण कासव ती गिळते आणि आतडे तुंबते. दगड त्याच्या डोक्याहून मोठे असावेत, किंवा तळ मोकळाच ठेवावा. विजेची वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर नेल्यास तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

कायदा व आरोग्य

भारतीय तारा कासव तसेच नदी-तळ्यांतील देशी कासवे पकडणे, विकणे वा घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. वास्तुशास्त्राच्या समजुतीपोटी अनेक घरांत तारा कासव आणून पाण्यात ठेवले जाते. ते तर जमिनीवरचे कासव असून खोल पाण्यात बुडून मरते.

स्लायडर परदेशी असला तरी तो तळ्यात सोडणे घातक ठरते. जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या आययूसीएनच्या यादीत त्याचा समावेश आहे आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. गुवाहाटीतील देवळाच्या तळ्यात व केरळातील त्रिशूर जिल्ह्यात तो मोकळ्यावर आढळला आहे. सांभाळणे अशक्य झाल्यास तो प्राणिबचाव संस्थेकडे सोपवावा.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना त्यांची बाधा होत असल्याने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासव वा टाकी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. टाकीतील पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये. ते संडासात किंवा शोभेच्या झाडांना घालावे.