निर्मात्यानें टाकलेलें यंत्र आणि त्याचें नियतकालिक

श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांचा 'योगसंग्राम' सतराव्या शतकांतला. महाराष्ट्रांत छापखाने रुळण्यापूर्वीं तो पोथ्यांच्या नकलांवर जगला. एक पोथी जीर्ण झाली कीं कोणी भाविकानें दुसरी उतरून काढावयाची, हीच त्याच्या आयुष्याची तजवीज. ग्रंथाच्या बाबतींत यांत कोणास नवल वाटावयाचें नाहीं. परंतु कारखान्यांत जन्मलेल्या, आणि पुढें धन्यानेंच टाकून दिलेल्या एका गणकयंत्रालाहि असे नकलकार लाभले, ही हकीकत आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं.

तें यंत्र म्हणजे सिंक्लेअर क्यूएल. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें 12 जानेवारी 1984 रोजीं लंडनमध्यें तें जाहीर केलें. किंमत 399 पौंड, स्मृति 128 किलोबाइट. याच कंपनीचा 'स्पेक्ट्रम' डेसिबेल्स या कंपनीनें परवान्यानें भारतांत काढला होता, आणि दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून त्यावर येथील मुलें बेसिक भाषा शिकलीं. क्यूएल हें त्याचें थोरलें भावंड, कामकाजासाठीं योजलेलें. पण घाई नडली. 28 दिवसांत घरपोंच मिळावयाचें यंत्र महिनोन् महिने मिळेना; आणि प्रारंभीं जीं हातीं आलीं, त्यांची मूळ आज्ञावली आंत न मावल्यामुळें तिचा एक भाग पाठीमागें डबीसारखा लोंबत असे! माहिती सांठविण्यासाठीं चकतीऐवजीं अखंड फिरणारी चिंचोळी फीत होती. तिला टेकणारा मऊ तुकडा कालांतरानें झिजे, आणि मालकानें लिहून ठेवलेलें त्यालाच वाचतां येत नसे. एप्रिल 1986 मध्यें अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीनें सिंक्लेअरचा गणकयंत्रांचा धंदा 50 लक्ष पौंडांस घेतला, व क्यूएलचें उत्पादन संपलें.

ज्यांच्या घरीं तें होतें त्यांनीं काय करावें? हिशेब, पत्रें, हातानें रचलेल्या आज्ञावल्या, सारें त्या फितींवर होतें. मालकांचें 'क्वांटा' नांवाचें स्वतंत्र मंडळ 1984 सालींच उभें राहिलें होतें. त्याचें वार्तापत्र निघे. दुकानांत मिळणारें 'क्यूएल वर्ल्ड' मात्र 1994 सालीं बंद पडलें. त्यानंतर 1996 सालीं 'क्यूएल टुडे' निघालें. भाषा इंग्रजी, प्रकाशक जर्मनींतील एक लहानसा आज्ञावली-विक्रेता, वाचक देशोदेशींचे. कळफलकाखालचा पातळ पडदा तडकल्यास काय करावें, फितीवरील मजकूर चकतीवर कसा न्यावा, जुन्या यंत्राच्या पाठीशीं नवी पाटी कशी जोडावी, असल्या विषयांवर त्यांत लेख येत. धंदेवाईक मासिकांना जें क्षुल्लक वाटे, तेंच येथें मुख्य अन्न.

या मंडळींत टोनी टेबी यांची गोष्ट विशेष आहे. क्यूएलची कार्यप्रणाली त्यांनींच रचली. यंत्र अर्धवट अवस्थेंत बाजारांत आणल्याच्या निषेधार्थ 1984 सालीं त्यांनीं कंपनी सोडली. यंत्राला मात्र सोडलें नाहीं. त्यांच्या पुढील आज्ञावल्यांनीं, विशेषतः एसएमएसक्यू-ई या नव्या प्रणालीनें, मूळ यंत्र मोडीत निघाल्यावरहि त्याचीं कामें दुसऱ्या यंत्रांवर चालूं लागलीं. धनी गेला, कारागीर राहिला, असेंच म्हणावयाचें.

हेलसिंकींतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याजवळहि क्यूएलच होतें. फिनलंडांत त्याच्यासाठीं तयार आज्ञावल्या मिळणें कठीण, म्हणून संपादक-साधनापासून सारें त्यानें स्वतःच रचलें. 1991 सालीं त्यानेंच 'लिनक्स'चा प्रारंभ केला. तोंवर मात्र तो दुसऱ्या यंत्राकडे वळला होता.

'क्यूएल टुडे' सतरा वर्षें चाललें. 2013 सालीं शेवटचा अंक निघाला. क्यूएलचा अनुकार करणाऱ्या आज्ञावल्या आजच्या संगणकांवर चालतात, आणि वेळींच चकतीवर उतरविलेलें लिखाण त्यांत उघडतें. ज्या फितींची नक्कल राहून गेली, त्या मात्र मुक्याच आहेत.