न्यूट्रलमधला घाट

काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं काम करून दिलं की टॅक्सीवाला पहिल्यांदा विचारायचा, "मिस्त्री, आता किती देईल?" किती म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, 1089 सीसी इंजिनाची ही फियाटच्या घराण्यातली गाडी. मालक, चालक आणि आम्ही गॅरेजवाले, सगळ्यांचा हिशेब त्या एका आकड्यावर बसलेला.

या आकड्याला खरा भाव आला 1973 पासून. ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महागलं. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधात बैलगाडीतून संसदेत गेले. 1974 मध्ये मुंबई हायला तेल लागलं, पण पंपावरची स्वस्ताई काही परतली नाही. 1978 मध्ये पीसीआरए ही सरकारी संस्था निघाली. वेग ताशी 45 ते 55 ठेवा, टायरात हवा नीट भरा, असं तिचं सांगणं.

आमची बचत मात्र पान्यातून निघायची. आधी प्लग खोलून टोक बघायचं. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर हवा जास्त. फिकट विटकरी दिसलं की सगळं ठीक. मग इंजिन गरम करून कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू थोडा थोडा फिरवायचा आणि ठेका एकसारखा लागला की हात थांबवायचा. शेवटी जळके पॉइंट घासून फीलर गेजने गॅप लावायची, जेमतेम अर्धा मिलिमीटर.

चालकांचे तोडगे निराळे. लाडका तोडगा म्हणजे खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची. काही महाभाग इंजिनच बंद करत. कार्बोरेटरच्या गाडीत त्यात थोडं तथ्य होतं. गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरतं आणि पाय उचलला तरी कार्बोरेटर थोडं थोडं पेट्रोल सोडतच राहतो. पण वाचलेले पैसे ब्रेक लायनरवर जायचे, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा द्यायचे ते वेगळंच.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये पाय उचलला की कॉम्प्युटर पेट्रोलच तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागणारच. एकेकाळची काटकसर अशी उधळपट्टी झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तरी बापाने शिकवलेला न्यूट्रल मुलगा अजून घाटात लावतोच.

दोन्ही जमान्यांत खरी ठरली ती दोनच कलमं, टायरची हवा आणि उजवा पाय. हवा कमी असली की टायर दबतो, तापतो, आणि ती ऊब पेट्रोलमधूनच येते. ब्रेक मारला की कमावलेला वेगही तसाच उष्णता होऊन वाया जातो. पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडणारा चालक पद्मिनीतही चार किलोमीटर जास्त काढायचा, आणि नव्या गाडीतही तोच काढतो. त्यासाठी मिस्त्री लागत नाही, हे आमच्या धंद्याला परवडणारं नसलं तरी सांगून टाकतो.